समुद्राखालचे जॉइंट

पेन्झान्स, कॉर्नवॉल

तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.

फोन आला की दोन वाक्यांत तुम्ही तो आईच्या हातात देता, म्हणून हे सविस्तर लिहिते. परवा आवाज तुटला तेव्हा म्हणालात, "सॅटेलाइटला ढग आडवा आला असंल." जन्मभर टेलिफोन खात्यात केबल जॉइंट केलेल्या माणसानं असं म्हणावं? तो उपग्रह 36,000 किलोमीटर वर. बोलणं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद जातो. आपलं बोलणं समुद्राच्या तळावरच्या काचेच्या तंतूंतून, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत मुंबई गाठतं. तिथून बेळगाव काय, हाकेच्या अंतरावर!

इथून जवळच पोर्थकर्नो म्हणून चिमुकला किनारा आहे. 1870 साली मुंबईची तार इथं येऊन लागली. मुंबई, एडन, सुएझ, मग माल्टा, जिब्राल्टर, पोर्तुगाल अशी वाट. मुंबई-एडनचा तुकडा 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजानं टाकला. तेव्हा प्लास्टिक कुठलं! तांब्यावर गटापर्चाचं, म्हणजे मलायातल्या झाडाच्या चिकाचं वेष्टण. आणि 1997 ची 'फ्लॅग' ही फायबर केबलही याच किनाऱ्यावरून, सुएझवरूनच मुंबईला नेली. मधल्या काळात साहेब गेला, वाट तीच राहिली. जुन्या तार ऑफिसात आता म्युझियम आहे. महायुद्धात बॉम्बच्या भीतीनं खोदलेले बोगदेही आहेत.

तुम्हाला आवडेल ती दुरुस्ती. खोल पाण्यात केबल जेमतेम दोन सेंटिमीटर जाड. उथळ पाण्यात मात्र वरून पोलादी तारांचं चिलखत, कारण खरा धोका तिथंच. शार्कबिर्क सोडा, बहुतेक केबली मासेमारीनं आणि जहाजांच्या नांगरांनी तुटतात. नांगर म्हणजे समुद्रातला जेसीबी, आपल्या तिसऱ्या गेटाजवळ रस्ता खणताना अख्खी गल्ली मुकी करणारा. 2024 मध्ये तांबड्या समुद्रात क्षेपणास्त्र लागलेलं एक जहाज नांगर ओढत भरकटलं, आणि बहुधा त्यानंच तीन केबली तोडल्या.

फॉल्ट कुठं आहे ते किनाऱ्यावरूनच काढतात. उजेडाचा झोत सोडायचा आणि तुटल्या जागेवरून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. तुम्ही ब्रिज, म्हणजे ते रेझिस्टन्स मोजायचं यंत्र, लावून तारेच्या रेझिस्टन्सवरून अंतर काढायचा, तसलाच हिशेब. मग जहाज जातं, आकडा टाकून एक टोक वर ओढतं, ते पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला बांधून दुसरं शोधतं. खोली एवढी की दोन्ही टोकं वर आणली की एकमेकांना पुरत नाहीत, त्यामुळं मधे नवा तुकडा घालावा लागतो. म्हणजे एका फॉल्टला दोन जॉइंट! केसासारखे तंतू वितळवून जोडतात, वर प्लास्टिक ओततात आणि त्या जॉइंटचा चक्क एक्स-रे काढतात. दर साठ ते शंभर किलोमीटरला रिपीटर, म्हणजे मंदावलेला उजेड पुन्हा वाढवणारं यंत्र असतं, त्याच्यासाठी याच केबलमध्ये तंतूंभोवती असलेल्या तांब्यातून हजारो व्होल्ट डीसी सोडतात. त्यामुळं आत पाण्याचा टिपूसही चालत नाही.

यावरूनच विचारायचं होतं. तुमच्या कागदी केबलीत, म्हणजे तारांवर कागदाचं वेष्टण असलेल्या, पावसाळ्यात ओल शिरायची, तेव्हा उकळतं मेण ओतून ती घालवायचा ना? सगळी गेली हे कशावरून ओळखायचा? मेण चरचरायचं थांबलं की झालं, असं काहीतरी तुम्ही सांगितल्याचं आठवतं. नीट लिहून पाठवा, म्युझियममधल्या आजोबांना सांगायचंय. आणि आईला म्हणावं, कुंदा पाठवायचाच असेल तर थोडा पाठव. मागचा इथल्या शेजारणीनंच संपवला.

तुमची,
धाकटी