सेल टाकू नकोस, आधी हे वाच

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, "रिचार्जेबल सेल म्हणजे शुद्ध फसवणूक, सगळे फेकून देतोय." अरे थांब जरा! मीपण असाच वैतागलो होतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल रात्रभर चार्ज करून टाकले आणि दहा-बारा फोटोत फ्लॅश आडवा. मग मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, लावून एकेक सेल बघितला तर तीन १.२५ व्होल्टच्या आसपास आणि चौथा ०.९ वर. एकटा तोच मेलेला, बाकीचे बिचारे ठणठणीत.

आता तुझं काय होतंय ते सांगतो. तू सेल मिसळतोस. रिमोटमधला एक, घड्याळातला एक, जो हाताला लागेल तो. एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असे जोडीने टॉर्चमध्ये गेले की रिकामा आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, म्हणजे संपलेला सेल चक्क उलटा चार्ज होतो, आणि असं चार-पाच वेळा झालं की तो कामातून जातो. म्हणून मी मार्करने अ१ अ२ अ३ अ४ असे नंबर टाकलेत, हा सेट कायम एकत्र वापरायचा, एकत्र चार्ज करायचा. घरचे हसतात, हसू देत.

दुसरा गुन्हेगार तुझा चार्जर. तो जोडीनेच चार्ज करतो ना, एकच लाइट दोन सेलला? मग अर्धा भरलेला ओव्हरचार्ज होणार आणि रिकामा अर्धवट राहणार, दुसरं काय होणार. प्रत्येक सेलचा वेगळा लाइट असलेला घे. सेल भरला की त्याचा व्होल्टेज अगदी किंचित खाली येतो, काही मिलीव्होल्टच, चांगला चार्जर ते ओळखून त्या एकाच सेलचं चार्जिंग थांबवतो. साधा चार्जर असेल तर गणित कर, २००० एमएएचचा (म्हणजे मिलीअँपियर-तास, सेलची क्षमता) सेल २०० मिलीअँपियरवर १४ ते १६ तास, दहा नाही, कारण थोडी वीज उष्णतेत जाते. शेवटी सेल कोमट लागतो ते ठीक, हातात धरवत नसेल तर लगेच काढ.

आणि हो, चार्ज केलेले साधे निकेलवाले सेल, म्हणजे आपले हे रिचार्जेबल पेन्सिल सेल, ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्याच उतरतात, महिना-दोन महिन्यांनी काढून "चार्ज टिकत नाही" म्हणून बोंबलू नकोस. लो सेल्फ-डिस्चार्जवाले, म्हणजे नुसते पडून फारसे न उतरणारे, घेतलेस तर वर्षभरानेही बराच चार्ज शिल्लक असतो. ठेवायचे डब्यात, किल्ल्या-नाण्यांसोबत नाही, शॉर्ट होतात. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढले की ओल धरतात.

तुझा तो जुना मोबाइल मात्र वेगळी जात, लिथियम. तो बंद करून ठेवायचा तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेव, फुल करून गरम जागी ठेवलास तर बॅटरी लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामा ठेवलास तर कधीकधी उठतच नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नको आणि टोचून तर अजिबात बघू नको, तुझा स्वभाव माहितीये मला.

रविवारी सगळे सेल पिशवीत घालून घेऊन ये, मीटर आहे माझ्याकडे, बसून जोड्या लावू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बंड्या