रूबेन, हे पूर्ण वाच

रूबेन,

पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. असो. तुझ्या मित्राशी, इम्रानशी, झालेल्या भांडणाबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तुला बोस्नियातल्या त्या सारायेवोच्या हग्गादाबद्दल, म्हणजे पेसाहला वाचायच्या हस्तलिखित पोथीबद्दल, कधी सांगितलं का? साधारण 1350 च्या सुमाराचं, बार्सिलोना भागातलं, सोन्या-निळ्याची चित्रं. पेसाहच्या, आपल्या मिसरमधून सुटकेच्या सणाच्या, जेवणात वापरलेलं, पानांवर वाईनचे डाग आहेत, आपल्या मराठी हग्गादावर मनुकांच्या शरबताचे आहेत ना, तसेच. 1492 ला स्पेनने यहुद्यांना हाकललं, 1609 ला व्हेनिसमध्ये चर्चच्या माणसाने तपासून सही केली म्हणून जळालं नाही. 1894 पासून सारायेवोच्या म्युझियममध्ये. 1942 ला नाझी जनरल मागायला आला तर दर्विश कोर्कुत नावाच्या मुसलमान ग्रंथपालाने ते तिथून गुपचूप बाहेर काढलं, डोंगरातल्या एका मशिदीत लपवलं होतं असं सांगतात. 1992 च्या सारायेवोच्या वेढ्यात परत मुसलमान प्रोफेसर, एन्व्हर इमामोविच, गोळीबारात जाऊन घेऊन आले आणि बँकेच्या तिजोरीत ठेवलं.

पण मला आवडतं ते पुढचं. त्याच कोर्कुतने मिरा पापो नावाच्या यहुदी मुलीला घरात मोलकरीण म्हणून ठेवून वाचवलं होतं. 1999 ला त्याची मुलगी कोसोव्होतून पळाली तर तिला इस्रायलने आसरा दिला. तू आहेस तिथेच.

आता तू म्हणशील पप्पा परत तिकडेच आले. आलोच. एका फॉरवर्डवरून एवढं? ठाण्यात टेंभी नाक्याच्या सिनेगॉगमध्ये तुझ्या बार मिट्झवाला, तेराव्या वर्षीच्या त्या विधीला, इम्रान राबोडीहून इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, टोपी डोक्यावर नीट बसत नव्हती, आजी हसत होती. आजीच्या वेळी रात्री हॉस्पिटलमध्ये कोण होतं तेही आठव. तू तेव्हा बंगलोरला होतास, दोष देत नाही.

सॉरी, लेक्चर झालं. तुझ्या नोकरीचा अभिमान आहे, शेजारी विचारतात तेव्हा मुद्दाम सावकाश सांगतो. पण बातम्यांमध्ये सायरन दाखवले की आई टीव्ही बंद करते नि मी परत लावतो. शेल्टर कुठे आहे ते बघून ठेव, आणि ग्रुपवर काहीही टाकू नकोस रे, कोणाचंच.

चटणी बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. इम्रानचा नंबर बदललाय, नवीन आईकडे आहे, तिला माग.

पप्पा