बरळणाऱ्यांचा वकील

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘कुणीही काहीही बरळतं आणि तू झेंडा घेऊन त्याच्या मागे उभा,’ असं लिहिलं आहेस. रागावलो नाही, पण उत्तर देणारच.

२०१२चं पालघर आठव. बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदवर एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या फक्त लाइक केल्या. दोघींना अटक! लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि आक्षेपार्ह म्हणजे काय? ज्याला झोंबेल त्याने ठरवायचं. याच प्रकरणानंतर श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ला ते कलम अख्खं रद्द झालं. चर्चा करणं, मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं यांत न्यायालयाने फरक केला. पहिल्या दोन गोष्टी कितीही बोचल्या तरी त्यांना हात लावता येत नाही. तुझे ‘बरळणारे’ बहुतेक तिथेच बसतात रे.

पण रद्द झालेलं कलमही गुन्हे नोंदवताना वापरलं जात राहिलं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने पुन्हा दाद मागितली, तेव्हा २०२२ साली न्यायालयाला बजावून सांगावं लागलं. मीही एकदा निकालाची प्रत घेऊन एका ठाण्यात गेलो होतो. अंमलदाराने ती उलटीपालटी केली, शिक्का कुठे आहे ते पाहिलं आणि म्हणाला, ‘साहेब आल्यावर बघू.’ साहेब संध्याकाळी उगवले. तोवर पकडलेला पोरगा बाकड्यावर बसून आईला काय सांगायचं ते मला विचारत होता. त्याची पोस्ट वाचून मलाही किळस आली होती, हे तुला म्हणून सांगतो. तरी त्याच्या मोबाइलचा पंचनामा झाला का, हे मीच विचारत बसलो. चळवळ म्हणजे बरीचशी अशी कारकुनीच.

खरी धास्ती मला त्याच कायद्याच्या ६९अ कलमाची वाटते. ते २०१५च्या त्याच निकालात टिकलं. त्याखाली मजकूर बंद करण्याचे आदेश निघतात आणि नियमांनुसार ते गोपनीय राहतात. लिहिणाऱ्याला कारणच कळलं नाही, तर त्याने दाद कशावर मागायची? यावर तुझं काय म्हणणं आहे ते कळव. नाहीतर सरळ इकडेच ये भांडायला. पत्रात तुला मधेच तोडता येत नाही.

तुझाच,
बरळणाऱ्यांचा वकील