सायकल चालूच राहील

औलू, फिनलंड
१८ जानेवारी

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आई, परवाच्या फोटोत माझ्या पापण्यांवर साचलेलं पांढरं बघून तुझा जीव खालीवर झाला, असं बाबांनी सांगितलं. बस असताना हिवाळ्यात सायकलने जायचा हा हट्ट कशाला, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून निवांत बसून लिहितेय.

ते पांढरं म्हणजे माझ्याच श्वासातली वाफ. तोंडावरच्या लोकरीच्या पट्टीतून ती वर येते, पापण्यांना लागते आणि तिथेच गोठते. घरात शिरलं की मिनिटभरात वितळून जाते. त्या दिवशी पारा उणे १८ वर होता आणि मी वाटेत थांबले होते ती जाकिटाची झिप जरा खाली ओढायला, घाम येऊ नये म्हणून. उणे १८ मध्ये घाम येतो हे तिथे बसून पटणार नाही, पण पायडल मारणारं शरीर म्हणजे पेटती शेगडीच असते. बस थांब्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहिले तर मी जास्त गारठते. हे मी तुला समजावण्यासाठी म्हणत नाही, रोजचा अनुभव आहे.

आणि मी काही एकटी नाही गं. औलू हे समुद्रकाठचं, दोन लाखांवर वस्तीचं शहर, ६५ अक्षांशाच्या आसपास. सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी इथे ९०० किलोमीटरहून जास्त लांबीचे वेगळे रस्ते आहेत. मोठा रस्ता आडवा आला की त्याच्या खालून जायला बोगदा असतो, म्हणून गाड्यांच्या मधून वाट काढावी लागत नाही. हिवाळ्यातल्या सायकलिंगवरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली होती. मेत्सोकांगास भागातल्या शाळेत भर जानेवारीतसुद्धा बहुतेक मुलं सायकलने येतात. आवारात ओळीने शेकडो सायकली, सगळ्यांच्या सीटवर बर्फाचा थर. माझ्या वाटेवर रोज सत्तरी ओलांडलेल्या बायका दिसतात, पुढच्या टोपलीत पिशव्या ठेवून सावकाश चाललेल्या. त्यांच्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

आता थंडीचं सांगते, कारण तुझी सगळी भीती तिथेच अडकली आहे. थंडी कपड्यांनी निभावते. त्यात एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे ओल. अंगाला लागून सुती काही घालायचं नाही, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलं की तोच घाम गार पडतो. आत पातळ लोकर, त्यावर गरजेप्रमाणे दुसरी लोकर, वरून वारा अडवणारं पण फार जाड नसलेलं जाकीट. घरातून निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटलं तर कपडे जास्त झाले असं समजायचं, कारण दहा मिनिटांत घाम फुटतो.

खरी परीक्षा हातापायांची. शरीराला गारवा जाणवला की ते आधी बोटांचं रक्त आवरतं घेऊन पोटाकडे, छातीकडे वळवतं. त्यातून हँडल धरलेले हात हलत नाहीत आणि वारा थेट त्यांच्यावर येतो. पाच बोटं वेगवेगळी असलेले हातमोजे उणे १० पर्यंत ठीक. त्याखाली चार बोटं एकत्र राहतील असे मोजे लागतात, म्हणजे बोटं एकमेकांना ऊब देतात. मी त्याहून चांगली सोय केली आहे. हँडललाच दोन्ही बाजूंनी जाड अस्तराच्या पिशव्या बसवल्या आहेत, त्यांत हात घालायचे, ब्रेक आणि घंटा आतच हाताशी येते. आत फक्त पातळ मोजे पुरतात. बूट एक माप मोठे घेतले आहेत, कारण घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात.

वाऱ्याचा हिशेब मात्र नीट ठेवावा लागतो. हवा शांत असली तरी सायकल स्वतःच वारा तयार करते. उणे २० मध्ये ताशी २० किलोमीटरने गेलं तर उघड्या कातडीला ते उणे ३० सारखं लागतं. एवढ्या गारठ्यात उघडी कातडी दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात हिमदंशाने बधिर पडू शकते. म्हणून गाल, नाकाचा शेंडा आणि कानाच्या पाळ्या झाकलेल्या हव्यात. चेहऱ्यावर पांढरट, मेणासारखा डाग दिसला आणि तिथे स्पर्श कळेनासा झाला तर आडोशाला थांबून उघड्या तळव्याने तो भाग धरून ठेवायचा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच लावायचा नाही. इथे ओळखीपाळखीचे लोकही एकमेकांच्या गालांकडे बघून सांगतात, ही सवय मला फार आवडली.

तू चेहऱ्याला व्हॅसलीनचा जाड थर लावून निघ म्हणाली होतीस. आई, ते मी करत नाही. फिनलंडमध्ये सैन्यातल्या जवानांवर याचा अभ्यास झाला आहे. असं मलम लावणाऱ्यांना चेहऱ्याचा हिमदंश कमी झाला नाही, उलट जास्त झाला. मलमामुळे कातडी उबदार असल्यासारखी वाटते, ऊब मात्र टिकत नाही, आणि माणूस चेहरा झाकायचं विसरतो. रात्री झोपताना लावते, कातडी फुटू नये म्हणून. तेवढं तुझं ऐकलं आहे.

म्हणजे काळजी करण्यासारखं काहीच नाही असं मी म्हणत नाही. काळजी करायचीच असेल तर उणे २० ची करू नकोस, शून्याची कर. ज्या दिवशी मी फोनवर सांगेन की आज जरा ऊन पडलं, थंडी कमी झाली, तो दिवस सायकलसाठी वाईट. उणे १५ मधला बर्फ कोरडा असतो, चाकाखाली करकरतो आणि टायरला धरून ठेवतो. पारा शून्याच्या आसपास आला की बर्फावर पाण्याचा पातळ थर येतो आणि त्याच्याइतकं निसरडं काही नाही. त्याहून वाईट म्हणजे दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला रस्ता. दिवसभरात सायकलींच्या चाकांनी मऊ बर्फात चाकोऱ्या पाडलेल्या असतात, त्या सकाळी दगडासारख्या टणक होतात. पुढचं चाक एकदा त्यात उतरलं की हँडल आपल्या हातात राहत नाही. अशा जागी मी सरळ उतरून चालते.

बोगद्यांचं तोंडही तसंच. वरून वितळलेलं पाणी भिंतीवरून उतारावर येतं आणि तिथे काचेसारखा पारदर्शक थर धरतं. खालचं डांबर स्वच्छ दिसतं, म्हणून डोळा फसतो. मी बोगद्यात शिरायच्या आधीच वेग कमी करते आणि आत ब्रेकला हात लावत नाही, हँडल वळवत नाही, पायडलला जोर देत नाही. सरळ निघून जायचं. बर्फावर जे काही करायचं ते हळू आणि आधी करायचं, एवढाच नियम आहे. लागलाच तर मागचा ब्रेक. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळच मिळत नाही, मागचं घसरलं तर सावरता येतं. सीटही बोटभर खाली घेतली आहे, म्हणजे दोन्ही पाय चटकन जमिनीला टेकतात.

हे जमतं त्याचं श्रेय माझ्यापेक्षा रस्त्याची निगा राखणाऱ्यांचं आहे, आणि ते मला मनापासून सांगायचं आहे. रात्री बर्फ पडला की पहाटे लोक बाहेर पडायच्या आत सायकलींच्या मुख्य वाटांवरून यंत्र फिरून गेलेलं असतं. डांबर उघडं पडेपर्यंत ते खरवडत नाहीत. खाली टणक दाबलेला बर्फाचा थर ठेवतात, दातेरी पात्याने त्यावर बारीक रेघा ओढतात आणि वर दगडाची खडी पसरतात. मीठ टाकून बर्फ का वितळवत नाहीत, असं बाबा विचारतील. उणे १० च्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही. शिवाय त्याने नुसता चिखल होतो, जो चेनवर उडून गंज धरतो आणि रात्री पुन्हा गोठतो. कोरडा दाबलेला बर्फ बरा. थंडीचं कारण सांगून सायकल बंद करणारी गावं जगात पुष्कळ असतील, पण माझ्या मते तिथे अडचण थंडीची कमी आणि न काढलेल्या बर्फाची जास्त असते. वाट मोकळी असेल तर माणसं येतात, हे मी इथे रोज बघते.

बाबा, आता तुमच्यासाठी. टायर खिळ्यांचे घेतले आहेत. रबरात टंगस्टन कार्बाइड या फार टणक पदार्थाचे बारीक खिळे बसवलेले असतात, एका टायरला शंभर ते तीनशे. डांबरावरून जाताना त्यांचा सतत तडतड आवाज येतो. नवीन असताना पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर सावकाश, जोरात ब्रेक न मारता चालवायचे, म्हणजे खिळे रबरात घट्ट बसतात. साध्या टायरवर चालवणारे इथे भरपूर आहेत, शाळेची मुलं तर बहुतेक साध्याच टायरवर, पण ती या बर्फावरच सायकल शिकली आहेत. मला खिळे हवेतच.

हवेचा प्रकार तुम्हाला आवडेल. घरात २० अंशांत ५० पौंड हवा भरली आणि सायकल उणे २० मध्ये नेली, तर एक कणही हवा न जाता दाब ४१ वर येतो. म्हणून दाब बाहेरच्या थंडीतच मोजायचा. ग्रीसही घट्ट होतं. मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलमध्ये चाकाला धरणारे जे छोटे खटके असतात, ते घट्ट ग्रीसमध्ये अडकून वर येतच नाहीत, मग पायडल नुसतं फिरतं आणि सायकल जागेवर. त्यावर उपाय म्हणजे हिवाळ्याआधी ते ग्रीस काढून पातळ तेल घालणं. ब्रेकच्या तारेच्या वेष्टणात पाणी गेलं तर तीही आत गोठून बसते. इथल्या पुष्कळ सायकलींना उलटं पायडल मारून लागणारा ब्रेक असतो, त्यात तारच नाही, म्हणून तो थंडीला दाद देत नाही. माझ्या सायकलला मागे तोच आहे. आणि सायकल उबदार घरात आणायची नाही, बाहेरच्या थंड शेडमध्येच ठेवायची. आत आणली की गार लोखंडावर दव धरतं, बर्फ वितळून पाणी सांध्यांत उतरतं आणि सकाळी बाहेर काढली की सगळं गोठतं. कुलपात मात्र थंडी पडायच्या आधीच तेल सोडावं लागतं.

धाकट्याने बॅटरीच्या सायकलीबद्दल विचारलं होतं. त्याला सांगा, गारठ्यात बॅटरीचा पल्ला बराच कमी होतो, पण खरा धोका चार्जिंगचा आहे. शून्याखाली लिथियमची बॅटरी चार्ज केली तर ती आतून कायमची बिघडते. म्हणून लोक बॅटरी काढून घरात नेतात, ती उबेला आल्यावरच चार्जिंगला लावतात.

अंधाराची सवय व्हायला मला थंडीपेक्षा जास्त वेळ लागला. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य जेमतेम साडेतीन तास वर असतो, तोही क्षितिजाला टेकून. मी जाते अंधारात, येते अंधारात. पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो, मागचा दिवा २०२० पासून सक्तीचा झाला. जाकिटावर आणि पायांना चमकणाऱ्या पट्ट्याही आहेत. पण या महिन्यांत दिवसभर खोलीत बसून मन मिटून जातं, आणि सकाळची ती पंधरा-वीस मिनिटं मला सावरतात. कामावर पोचते तेव्हा अंग गरम असतं, डोकं स्वच्छ असतं. हे सोडायला सांगू नकोस, आई.

तुझ्यासाठी मी हद्द ठरवली आहे. पारा उणे २५ च्या खाली गेला, किंवा समुद्रावरून जोराचा वारा सुटला, किंवा पाऊस पडून रस्ता गोठला, तर बस. ताप-खोकला असताना बस, कारण इतकी कोरडी गार हवा छातीला बाधते. एरवी सायकल. पोचल्यावर मेसेज करते, तो तुला सकाळच्या कामांच्या गडबडीत नंतर दिसतो एवढंच.

तू टोपी विणते आहेस असं बाबा म्हणाले. ती हेल्मेटच्या आत जाणार आहे, तेव्हा पातळ लोकरीची विण, कान पूर्ण झाकतील अशी, आणि डोक्यावर गोंडा किंवा जाड शिवण नको. हेल्मेट नीट बसायला हवं. कपाळावरून डोक्याचा घेर ५६ सेंटीमीटर आहे. जाड लोकर आधीच आणली असलीस तर तिचे चार बोटं एकत्र राहणारे हातमोजे कर, तेही लागतातच.

आजीला साष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
मनू