उसनी पत मागण्याआधी

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन व्यवसाय करू पाहणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो. जाहिरातींवर पैसा घालवण्यापेक्षा ज्याच्याकडे आधीच मोठा वाचकवर्ग किंवा ग्राहकवर्ग आहे अशा व्यक्तीशी हातमिळवणी करावी, तिने आपल्या मालाची शिफारस करावी आणि विक्रीतून आलेले पैसे दोघांनी वाटून घ्यावेत, असा तो सल्ला. या व्यवहाराला ‘जॉइंट व्हेंचर’ असे भारदस्त नाव आहे. सल्ला मुळात चुकीचा नाही. मात्र असा भागीदार शोधायचा कसा आणि त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवायचा कसा, याचे शिक्षण बहुतेक ठिकाणी ‘तयार मजकुराचे पत्र शंभर जणांना पाठवा, दहा जण तरी उत्तर देतील’ एवढ्यावरच संपते. त्यातून होणारे नुकसान मी स्वतः सोसले आहे आणि माझ्यामुळे इतरांनाही सोसावे लागले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यावसायिकांना हिशेब ठेवायला शिकवणारे ऑनलाइन अभ्यासक्रम मी तयार करते आणि विकते. सुरुवातीच्या काळात मीही असेच एक पत्र चाळीस जणांना धाडले होते. नाव तेवढे बदलले होते. बाकी ‘आपल्या कार्याची मी चाहती आहे’ पासून ‘दोघांचाही फायदा होईल’ पर्यंत प्रत्येक ओळ सारखीच होती. एकोणचाळीस जणांनी उत्तर दिले नाही. चाळिसाव्या बाईंनी एका ओळीत विचारले, ‘माझा कोणता लेख आपण वाचला आहे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या प्रश्नाने मला जेवढे शिकवले तेवढे त्याआधी घेतलेल्या कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवले नव्हते.

आपण समोरच्याकडे नेमके काय मागतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याला वाटते की आपण त्याच्या ईमेल यादीतली थोडी जागा मागत आहोत आणि त्याबदल्यात कमिशन देत आहोत. प्रत्यक्षात आपण त्याला आपल्यासाठी त्याच्या माणसांत शब्द टाकायला सांगत असतो. त्याचे वाचक त्याचे पत्र उघडतात, कारण आजवर त्याने त्यांना फसवलेले नाही. ही त्याची पत आहे, ती मिळवायला त्याला अनेक वर्षे लागलेली असतात आणि आपण ती एका दुपारपुरती उसनी मागत असतो. उसनी घेतलेली वस्तू मोडली तर भरून देता येते. पत मोडली तर ती भरून देण्याची सोय कोणत्याही करारात नसते.

ही गोष्ट आकड्यांत मांडली की अधिक स्पष्ट होते. समजा, एखाद्याच्या यादीत ५,००० वाचक आहेत. त्यांपैकी १०० जणांनी आपल्या लिंकवर क्लिक केले, तिघांनी खरेदी केली आणि नको असलेले पत्र आले म्हणून २० जणांनी यादीतून नाव काढून घेतले. भागीदाराच्या पदरात पडले तीन विक्रींचे कमिशन, आणि गेले वीस वाचक. त्यात आणखी एक भर पडते. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले असून, ‘स्पॅम’ म्हणून होणाऱ्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊ देऊ नये असे त्यांचे सांगणे आहे. म्हणजे ५,००० पत्रांमागे पंधरा तक्रारी एवढीच ती मर्यादा, आणि ती ओलांडली तर आपल्याच नव्हे, तर त्याच्या पुढच्या सगळ्या पत्रांवर गदा येऊ शकते. प्रस्ताव पाठवणाऱ्याने हा हिशेब समोरच्याच्या बाजूने आधी स्वतः मांडून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शोधाबद्दल. नवखा माणूस सर्वांत मोठ्या नावापासून सुरुवात करतो, आणि मोठ्या नावाकडे असे प्रस्ताव रोजच येत असल्याने त्याचे पत्र न वाचताच बाजूला पडते. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी ठरलेला मार्ग अगदी साधा होता, तो म्हणजे स्वतःच्याच ग्राहकांना विचारणे: माझ्याकडे येण्यापूर्वी तुम्ही काय विकत घेतले होते, माझा अभ्यासक्रम संपल्यावर तुम्हाला कशाची गरज भासली, आणि या विषयावर तुम्ही कोणाचे लेखन नेमाने वाचता? पंचवीस-तीस ग्राहकांनी मोकळेपणाने उत्तरे दिली तरी तीच ती सात-आठ नावे पुन्हा पुन्हा पुढे येऊ लागतात. माझ्या बाबतीत ती भाषांतर आणि डिझाइन शिकवणाऱ्यांची, तसेच बिले तयार करण्याचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची निघाली. त्यांच्यापैकी कोणीही हिशेब शिकवत नव्हते, पण त्यांच्या प्रत्येक ग्राहकाला पहिले बिल पाठवल्यावर हिशेबाची अडचण येतच होती. भागीदार असा शोधावा: ज्याचे काम जिथे संपते तिथे आपले सुरू होते, किंवा उलट. जो नेमके आपलेच काम करतो तो स्पर्धक असतो, आणि ज्याच्या ग्राहकाला आपली गरजच नाही तो कितीही मोठा असला तरी निरुपयोगी असतो.

नावे हाती आल्यावर त्यांची पारख करण्याची साधने आज कोणालाही उपलब्ध आहेत. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या ‘अ‍ॅड लायब्ररी’त एखादा व्यवसाय सध्या कोणत्या जाहिराती चालवतो आहे ते पाहता येते, आणि गूगलनेही २०२३ मध्ये जाहिरात पारदर्शकतेसाठी अशीच सोय सुरू केली. जो मनुष्य आधीपासून इतरांच्या वस्तूंची शिफारस करतो, ती कशी करतो, किती वेळा करतो आणि त्यानंतर त्याचे वाचक काय म्हणतात, हे दोन-तीन महिने त्याची पत्रे वाचल्याशिवाय कळत नाही. जो दर आठवड्याला नवी वस्तू वाचकांच्या गळ्यात मारतो त्याची यादी लाखाची असली तरी त्याच्या शब्दाला वजन उरलेले नसते. शिवाय ‘माझी पत्रे इतके टक्के लोक उघडतात’ या दाव्यावर फार भिस्त ठेवू नये. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या मेल अ‍ॅपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली तिच्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे नोंदले जाऊ शकते. किती जण क्लिक करतात आणि किती जण उलट टपाली लिहितात, हे विचारावे.

त्यानंतर त्याची वस्तू शक्य असल्यास पैसे देऊन विकत घ्यावी आणि खरोखर वापरावी. हे खर्चिक वाटते, पण ज्याच्याशी व्यवहार करायचा त्याचा माल, त्याची सेवा आणि तक्रार केल्यावर त्याचे वागणे पाहण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

पहिले पत्र लहान असावे. ‘आपल्या अमुक अभ्यासक्रमातील दरपत्रकाचा धडा मी वापरला, त्यानंतर बिलाचे पैसे आल्यावर नोंद कशी करायची हा प्रश्न मला पडला आणि माझ्याकडे येणाऱ्या आपल्या अनेक विद्यार्थ्यांनाही तोच पडतो’ अशा एका वाक्यात आपण कोण, कशासाठी आलो आणि समोरच्याला ओळखतो की नाही, हे तिन्ही कळते. त्यापुढे आपले विक्रीपान, म्हणजे वस्तूची माहिती देऊन खरेदी करायला सांगणारे वेबपान, स्वतःच्या वाचकांपुढे ठेवल्यावर काय घडले ते आकड्यांनिशी सांगावे: किती जणांनी पान पाहिले, किती जणांनी घेतले आणि किती जणांनी पैसे परत मागितले. यातला शेवटचा आकडा बहुतेक जण लपवतात. तो स्वतःहून सांगितला की समोरच्याचा निम्मा संशय तिथेच मिटतो. ज्याने आपले पान स्वतःच्या चार ग्राहकांवरही पारखलेले नाही त्याने दुसऱ्याच्या वाचकांवर त्याची परीक्षा घेऊ नये, हे मला आज फार स्पष्टपणे जाणवते.

आपली वस्तू पाहण्यासाठी विनाअट खुली करून द्यावी आणि मागणे छोटे ठेवावे. थेट ‘माझ्या अभ्यासक्रमाची जाहिरात करा’ असे न म्हणता ‘आपल्या विद्यार्थ्यांसाठी एक तासाचे विनामूल्य सत्र मी घेईन; ते उपयोगी वाटले तरच पुढचे बोलू’ असे म्हटले तर नकार देणे समोरच्याला सोपे जाते, आणि नकार देणे सोपे असेल तरच माणूस मोकळेपणाने होकार देतो. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. त्यानंतर थांबावे.

होकार मिळाल्यावर लेखी करार न करणे ही पुढची चूक, आणि ती मी केली आहे. एका सहव्यावसायिकाशी माझे तोंडी ठरले होते की त्याने माझा अभ्यासक्रम त्याच्या वाचकांपर्यंत न्यावा आणि मी त्याचा माझ्या वाचकांपर्यंत. त्याचा अभ्यासक्रम मी वरवर चाळला होता, पुरता पाहिला नव्हता. माझ्या शब्दावर ज्यांनी तो घेतला त्यांना निम्मे धडे अपुरे मिळाले, पैसे परत मागितल्यावर उत्तरे मिळेनाशी झाली, आणि त्यांनी रास्तपणे मला जाब विचारला. ज्यांनी मागितले त्यांना मी माझ्या खिशातून पैसे परत केले. तरीही काही जुने वाचक निघून गेले. त्यांच्यापैकी एका बाईंनी लिहिले होते की, पैशांचे त्यांना काही वाटत नाही, पण मी सांगितले म्हणून त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारले नव्हते. ते पत्र मी जपून ठेवले आहे.

म्हणून पैसे परत करण्याची जबाबदारी कोणाची आणि किती दिवसांत, कमिशन कोणत्या रकमेवर आणि परतीची मुदत संपल्यावर किती दिवसांनी द्यायचे, शिफारशीचा मजकूर कोणी मंजूर करायचा आणि हा व्यवहार कधी संपतो, एवढे तरी कागदावर असावे. हा व्यवहार म्हणजे कायद्याच्या अर्थाने भागीदारी संस्था नव्हे, हेही त्यात स्पष्ट लिहावे. कारण ‘जॉइंट व्हेंचर’ या शब्दाला कायद्यात स्वतंत्र आणि बराच जड अर्थ आहे आणि एकमेकांची देणी अंगावर घेण्याचा दोघांचाही हेतू नसतो. डिजिटल वस्तूची दुसरी प्रत तयार करायला जवळजवळ खर्च येत नसल्याने तिच्यावर निम्मा वाटाही परवडतो. प्रत्यक्ष मालाच्या बाबतीत तसे आश्वासन देण्याआधी आपला नफा किती उरतो ते पाहावे.

विक्री कोणामुळे झाली याची नोंद हा वादाचा नेहमीचा विषय. अ‍ॅमेझॉनने १९९६ मध्ये लिंकवरून झालेल्या विक्रीवर कमिशन देण्याची योजना सुरू केली तेव्हापासून असे व्यवहार प्रामुख्याने ब्राउझरमधल्या कुकींच्या, म्हणजे संकेतस्थळे वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदींच्या, आधारे मोजले गेले आहेत. त्या कुकींचा गैरवापर करून न केलेल्या विक्रीचे कमिशन लाटल्याच्या आरोपावरून ईबे या ऑनलाइन बाजारपेठेने २००८ मध्ये आपल्या काही मोठ्या अफिलिएटांवर, म्हणजे कमिशनवर शिफारस करणाऱ्यांवर, खटला भरला होता. दुसरीकडे, सफारी ब्राउझरने मार्च २०२० पासून त्रयस्थ कुकी (आपण पाहत असलेल्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्याच कोणी ठेवलेल्या) सरसकट रोखल्यामुळे, काही तंत्रांनी ठेवलेल्या नोंदीत खरी विक्रीही सुटू शकते. लिंकच्या जोडीला प्रत्येक भागीदारासाठी वेगळा सवलत-कोड ठेवला तर दोन्ही नोंदी ताडून पाहता येतात, आणि तफावत निघाली तर संशयाचा फायदा भागीदाराला द्यावा.

दोन बाबतींत मात्र तडजोड नको. वाचकांचे ईमेल पत्ते भागीदाराला देऊ नयेत आणि त्याचे मागू नयेत. ज्याची यादी त्यानेच पत्र पाठवावे. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआर या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली योग्य कायदेशीर आधाराशिवाय अशी देवाणघेवाण करणे महागात पडू शकते, पण तसा कायदा जिथे नाही तिथेही वाचकाने पत्ता दिलेला असतो तो एकाच माणसाला. आणि शिफारशीमागे कमिशन आहे हे वाचकाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००९ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांत सुधारणा करून असा आर्थिक संबंध उघड करण्याची अपेक्षा स्पष्ट केली. मी स्वतः हे शिफारशीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिते. त्यामुळे विक्री घटते असे काही जण म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

उद्योजकता शिकवणाऱ्या संस्था आणि प्रशिक्षक आपले वृत्तपत्र वाचतात, म्हणून त्यांना एक विनंती करते. विद्यार्थ्यांच्या हाती प्रस्तावाचे तयार पत्र देणे कृपया थांबवावे. त्याऐवजी प्रत्येकाला स्वतःच्या दहा ग्राहकांशी बोलून तीन नावे शोधायला लावावीत, त्यांतल्या एकाची वस्तू महिनाभर वापरायला सांगावे, आणि मगच पत्राचा मसुदा तपासायला घ्यावा. अभ्यासक्रम थोडा लांबेल, पण ज्यांच्या पत्रपेटीत ती शंभर पत्रे जाऊन पडणार आहेत त्यांचाही विचार कोणीतरी करायला हवा.

ज्या बाईंनी मला तो प्रश्न विचारला होता त्यांचे लेख मी पुढे वर्षभर वाचले आणि मग त्यांना दुसरे पत्र लिहिले. त्यात सर्वांत आधी त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर होते. त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी मी आजवर तीन सत्रे घेतली आहेत आणि चौथ्याची तारीख त्यांनी स्वतःहून सुचवली आहे.

आपली विश्वासू,
एक ऑनलाइन व्यावसायिक