दिल्या, मी ट्रिमर घेतला

सांगली, रविवार

प्रिय दिल्या,

दिवाळीपासून पत्र नाही, फोन नाही. शिव्या देत असशील तर दे. गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. झालं तब्येतीचं.

मी ट्रिमर घेतला, लाकडाची कड कापणारं ते विजेचं मशीन. हसून घे आधी. 2009 साली तू घेतलास तेव्हा ‘ज्याच्या हातात कला नाही त्यानं किरकिऱ्या पाळावा’ असं मी अख्ख्या वखारीत सांगत फिरलो होतो. सात महिने बोलला नव्हतास.

विश्रामबागला एका बाईंचं स्वयंपाकघर घेतलंय. बावीस शटर, कपाटांची दारं. 19 मिलीमीटरचा प्लाय, वर सागाचा पातळ पापुद्रा, व्हिनियर, कडेला सागाची 3 मिलीची पट्टी. माझी कोर तुला माहीत आहे, सुरीसारखी. तर बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मिस्त्री, मागच्या कपाटाचं कडेचं पॉलिश वर्षात गेलं.” मी गप्प. तात्या आपल्याला शिकवताना दुसरं काय सांगायचे? टोकदार कडेवर पॉलिश ठरत नाही, ओलं असतानाच मागं सरतं. तिथं थर पातळ राहतो आणि पुसायचं फडकं नेमकं तिथंच घासतं. त्यांचा तो धोतराचा सोगा! कडेवरून फिरवायचे, एक धागा अडकला की परत रंधा. मी त्याला म्हाताऱ्याचा चाळा म्हणायचो. तू हसायचास, पण कड मोडायचास.

तर हाताखालच्या पोरासमोर ऐट म्हणून 6 चा राउंड बिट लावला, 6 मिलीची गोलाई काढणारं पातं. पातं फिरतं त्याच्या उलट ढकललं, मध्ये कुठं थांबलो नाही, जळका डाग नाही. लोण्यातून गेल्यासारखा गेला. दिवा धरून बघतो तर पट्टीच्या आत व्हिनियर कापलेलं आणि खालचा प्लाय दात काढतोय! व्हिनियर असतं अर्धा मिली. 3 ची पट्टी, 6 ची गोलाई. शाळेतलं पोरगं करेल हा हिशेब. चाळीस वर्षं लाकडात घातली रे मी.

तात्यांच्या देव्हाऱ्याला तू हेच केलं होतंस. आणि मी काय केलं? झाकायला मदत करायची सोडून तात्यांना हाक मारली. काल रात्री तेच आठवत बसलो होतो.

आता उरलेल्या एकवीस शटरांचं काय? रंधा तिरका धरून तीन हात मारले की चार शटर देखणी होतात. पाचव्याला लाकडाची रेषा उलटी निघते, चिरफळी उठते, आणि हात दमला की कड जाड होत जाते. शेजारीशेजारी लावल्यावर ते दिसणारच. पोरगं बोटावर 180 चा काचकागद धरून घासतं, त्यानं कडेला लाटा येतात. ठोकळ्याला गुंडाळून घासला तर शेवटच्या हाताला ठीक, पण एकवीस शटर कागदावर काढायची म्हणजे पुढची दिवाळी. कानस हँडलच्या खाचेपुरती. तरी मिरजेला सतारमेकर गल्लीत जाऊन आलो. तिथं एक जण तंबोऱ्याच्या दांडीवर कानस चालवत होता, बघत होता रस्त्याकडं. मी विचारलं, शटरला चालेल का? म्हणाला, “शटर कोण मांडीवर घेऊन बसतंय?”

म्हणजे ट्रिमरच. पण बिट 2 चा हवा. 3 चा इथं मिळतो, पण तो बरोबर सांध्यावर येऊन थांबतो. पट्टी एखाद्या ठिकाणी जरा जास्त घासली गेली असेल तर पुन्हा तेच. 2 चा बिट, मग ठोकळ्यावर 220 चा कागद, दोनच हात. पटतं का? नसेल पटत तर सरळ लिही, सात महिने रुसू नकोस.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? भोसरीचं वर्कशॉप हलवलंस म्हणे, परवडलं का? पिंकीचा निकाल कळव.

तुझ्याकडचा 2 चा बिट स्वारगेटवरून कुणी ओळखीचं येत असेल त्याच्याबरोबर दे. दांडा 6 मिलीचाच बघ, पाव इंचीचा माझ्या ट्रिमरच्या कोलेटात, दांडा पकडतो त्या चापात, बसत नाही. बेअरिंग मोकळं फिरतंय का तेही बघ, अडकलं तर कड काळी होते. बाईंना अजून काही बोललो नाही. ते एक शटर भिंतीकडं तोंड करून ठेवलंय.

तुझा,
बंड्या