वाळकी फांदी कचऱ्यात मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की आपल्या इंदुरात कॉलनीकॉलनीतून झाडांची छाटणी सुरू होते. वादळवाऱ्यात फांदी पडून कुणाला इजा होऊ नये, हा हेतू चांगलाच आहे. पण ही छाटणी ज्या दिवसांत होते, ते दिवस पक्ष्यांच्या विणीचे असतात, आणि सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती वाळक्या फांदीवर. त्या वाळक्या फांदीची बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

स्वच्छतेत 2017 पासून आपलं शहर देशात अव्वल आहे. त्याचा अभिमान प्रत्येक इंदूरकराला आहे, मलाही आहे. ओला-सुका कचरा वेगळा ठेवणं आता आपल्या हाडीमाशी भिनलं आहे. मात्र त्याच सवयीनं आपण झाडावरची मेलेली फांदी, बागेतला पाचोळा, तळ्याकाठचा चिखल यांनाही घाण समजू लागलो आहोत. पाचोळ्याबद्दल तरी इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. पालापाचोळा आणि शेणापासून खत करण्याची जी पद्धत जगभर पोचली, ती सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी याच शहरात बसवली आणि आजही ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच शिकवली जाते. बागेच्या एखाद्या कोपऱ्यात पाचोळा राहू दिला, तर सातभाई पक्ष्यांची टोळी तो उलथापालथा करून किडे वेचताना रोज सकाळी दिसेल.

आता फांदीकडे येतो. तांबट घ्या. चिमणीपेक्षा जरासा मोठा, अंगानं हिरवा, कपाळ आणि छातीचा पट्टा लाल, गळा पिवळा. माघ सरत आला की याची टुक टुक टुक सुरू होते. प्रत्येक टुकला गळा फुगतो, आणि आवाज काढताना तो मान इकडेतिकडे वळवत असल्यामुळे आवाज कधी या झाडावरून, कधी त्या झाडावरून आल्यासारखा वाटतो. म्हणून त्याला ऐकलेले लोक पुष्कळ, पाहिलेले थोडे. वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर जगणारा हा पक्षी काड्यांचं घरटं बांधत नाही, ढोली कोरतो. चोच जाड असली तरी ती सुतारपक्ष्याच्या चोचीइतकी कणखर नसते, ओलं घट्ट लाकूड तिला झेपत नाही. त्याला लागते ती मेलेली, आतून भुसभुशीत झालेली फांदी, मग ती शेवग्याची असो, पांगाऱ्याची असो की गुलमोहराची. नर आणि मादी पाळीपाळीनं कोरतात. फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक दिसलं आणि त्याच्याखाली ताजा भुसा सांडलेला असला, की समजावं, आत संसार मांडला जातोय. तांबटाचं काम झालं तरी ती ढोली वाया जात नाही. दयाळासारख्या ज्या पक्ष्यांना स्वतः ढोली कोरता येत नाही, ते अशा जागा शोधतच असतात.

आमच्या कॉलनीत एका शेवग्याला अशी फांदी होती. सणाच्या आधी परिसर नीटनेटका दिसावा म्हणून काही मंडळींनी ती उतरवून घेतली. फांदी खाली आली तेव्हा ढोलीच्या तोंडाशी फुटलेली पांढरी अंडी होती. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. कापणाऱ्या माणसानं भोकात बोट घालून पाहिलं आणि तो म्हणाला, “पहले बोल देते साब, छोड़ देता.” नर-मादी दुसऱ्या दिवशीही तिथे येऊन शेजारच्या फांदीवर बसत होती. त्या माणसाचं म्हणणं मला अगदी रास्त वाटलं. आधी सांगायला हवं होतं, आणि सांगायचं कुणी, हे आपण अजून ठरवलेलंच नाही.

ते ठरवणं अवघड नाही. दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्याला चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षिगणना जगभर होते. किमान पंधरा मिनिटं एका ठिकाणी पक्षी पाहायचे, मोजायचे आणि यादी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायची, इतकंच तिचं स्वरूप आहे. तुमच्याआमच्यासारख्या हौशी माणसांच्या अशा याद्यांवरूनच 2023 साली देशातल्या 942 जातींच्या पक्ष्यांची स्थिती तपासली गेली आणि त्यांतल्या 178 जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं निघालं. आणि नेमके हेच दिवस तांबटाच्या ढोली कोरण्याचे. तेव्हा गणनेला बाहेर पडणाऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांनी पक्ष्यांबरोबर ढोल्याही नोंदवाव्यात, झाडाच्या बुंध्याला चुन्याची एक खूण करावी आणि ती यादी कॉलनीच्या समितीकडे व महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे द्यावी. खूण असलेल्या झाडाला जूनअखेरपर्यंत हात लावू नये. फांदी खरोखरच रस्त्यावर कोसळण्याच्या बेतात असेल तर ती काढायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. बाकीची छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये करावी. होले आणि पारवे बाराही महिने घरटी करतात, तेवढं त्या वेळीही बघून घ्यावं लागेल. कायद्याचा आधार हवा असेल तर तोही आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंड्यांना-घरट्यांना धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं.

होळीबद्दलही एक विनंती आहे. होळी गोवऱ्यांची करू या. लाकडं गोळा करणाऱ्या मुलांना वाळकी फांदी फुकटची वाटते, त्यात त्यांचा दोष नाही, पण मोठ्यांनी सांगावं. फाल्गुनात पानं झडलेली सावर पाहून “हे झाड वाळलंय” म्हणणारे लोक मला भेटतात. आठ दिवस थांबलं तर त्याच झाडावर लालभडक फुलं दिसतात आणि त्यांवर भोरड्यांचा थवा कलकलाट करत उतरतो. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, आणि मध पिताना कपाळाला चिकटलेले परागकण. एप्रिलमध्ये या भोरड्या मध्य आशियाकडे परततात. त्यांना पाहायला लांब जायची गरज नाही, रालामंडल अभयारण्याच्या बाजूला पळस-सावर फुललेली असताना सकाळी चक्कर मारावी.

तळ्यांचं वेळापत्रक मात्र झाडांहून वेगळं आहे. सिरपूर आणि यशवंतसागर ही होळकरांच्या काळातली दोन्ही तळी 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. जानेवारी 2025 मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही पाणथळ शहर म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आणि ही मान्यता मिळालेली भारतातली ही पहिलीच दोन शहरं. सिरपूरसाठी पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किती चिकाटीनं काम केलं, हे इथल्या मराठी वाचकांना ठाऊकच आहे.

या तळ्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहुण्यांची निघायची घाई असते. भुवई बदकाचा नर हिवाळाभर मादीसारखाच मातकट दिसतो. आता त्याला नवी पिसं येतात आणि डोळ्यावरून मानेकडे उतरणारी पांढरी भुवई दुर्बिणीशिवायही ओळखू येते. थापट्या बदक पसरट चोच पाण्यात घालून गाळत पुढे सरकतो. वारकरी पक्षी उडण्याआधी पाण्यावरून धावत सुटतात. काठच्या चिखलात तुतारी आणि धोबी हे पक्षी टिपत असतात. यांतले बरेचसे पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत जाणारे. त्या प्रवासासाठी लागणारी चरबी त्यांना याच आठवड्यांत अंगावर चढवायची असते. बोट, ड्रोन, यंत्र किंवा फटाका यांमुळे थवा उठला, की चरणं थांबतं आणि साठवलेलं उडण्यात खर्च होतं. दिवसातून चारदा असं झालं तर निघायच्या वेळी अंगावर काय उरेल?

जलपर्णी काढलीच पाहिजे, गाळही काढला पाहिजे. फक्त ही कामं बदकं गेल्यावर, एप्रिलच्या मध्यानंतर सुरू व्हावीत. पाणकणसाचा एखादा पट्टा दरवर्षी न कापता ठेवावा, जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच वावरतात. आणि काठ सगळीकडून दगडांनी बांधून काढू नये. उथळ, चिखलाचा उतरता काठ नसेल तर तुतारीला पाय ठेवायला जागाच राहत नाही. टिटवी तर उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, तेव्हा मार्चपासून काठावर गाडी घालताना दहादा बघायला हवं. छायाचित्रकार मित्रांना एवढंच सांगणं आहे, की ढोलीजवळ मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर बोलावू नका.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. फेब्रुवारी ते जून या काळात आठवड्यातून एकदा, शहरातल्या कोणत्या भागात कोणत्या पक्ष्याची वीण सुरू आहे याची चार ओळींची चौकट आपण छापावी. मजकूर पुरवायला आमच्या भागातले चार-पाच जण तयार आहेत. रंगपंचमीच्या गेरीची, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीची, तयारी सुरू होण्याआधी पहिली चौकट आली, तर यंदाच्या छाटणीपूर्वी ती लोकांच्या हातात पडेल.

आपला,
एक वाचक
सुदामानगर, इंदूर